दुसरी पाळी

दारू पिणारा शेजारी एक वेळ परवडतो. तो निदान सकाळी नऊपर्यंत झोपलेला असतो. दारू सोडलेला शेजारी साडेपाचला उठतो आणि आपण उठलो आहोत हे मजल्यावरच्या एकालाही कळल्यावाचून राहणार नाही, अशी तजवीज करतो. आमच्या नानांची सकाळ तांब्याभर कोमट पाण्याने उजाडते. अर्धं पाणी पोटात जातं, अर्धं घशात खुळखुळतं. मग सूर्यनमस्कार, तेही मोठ्याने मोजून. त्यांच्या आणि आमच्या घरांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे नानांचे बारा नमस्कार मी रोज अंथरुणात पडल्या पडल्या घालतो.

'नाना' हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते ज्या मंडळींत जातात तिथला दंडकच आहे की नाव-आडनाव बाहेर फोडायचं नाही. नाना हा दंडक इतक्या कडकपणे पाळतात की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. कारण नाना पितात ही गोष्ट अख्ख्या मोहन्याला वर्षानुवर्षं तोंडपाठ होती. शहाड स्टेशनबाहेरचे रिक्षावाले पत्ता न विचारता त्यांना उचलून आत घालत आणि आमच्या जिन्याशी उतरवत. भाडं दुसऱ्या दिवशी वहिनी देत. एवढ्या जाहीरपणे प्यायलेल्या माणसाचं सोडणं मात्र गुपित. संध्याकाळी पिशवी घेऊन कल्याणला निघाले आणि जिन्यात कुणी हटकलं, की 'जरा काम आहे' एवढंच पुटपुटतात. पूर्वी गुत्त्यावर जाताना याहून मोकळेपणाने सांगायचे.

मोहने ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कल्याणहून कसाऱ्याची गाडी धरली की शहाड लागतं, मग आंबिवली. तिथेच उल्हास नदीच्या कडेला आमचं गाव. गावाला बाहेरचं जग ओळखायचं ते एन.आर.सी.मुळे, म्हणजे नॅशनल रेयॉनमुळे. लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड एकत्र आणून त्यातून रेशमासारखा धागा काढायचा कारखाना. धागा देखणा, वास नासक्या अंड्याचा. नाना स्पिनिंगला होते. 'हा वास डोक्यातून उतरत नाही, म्हणून थोडी घ्यावी लागते,' हे तेव्हाचं कारण. २००९ साली कंपनी बंद पडली. वास गेला, आणि नाना दुप्पट प्यायला लागले. आता कारण असं, की वास येत नाही.

नानांकडे सरकारचा आजीवन परवानाही होता. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे विदेशी दारू प्यायला अजूनही परवाना लागतो, आणि तो दिला जातो 'प्रकृती सांभाळण्यासाठी'. म्हणजे ज्या रात्री दोघा पोरांनी नानांना नाल्याच्या कठड्यावरून ओढून काढलं, त्या रात्रीही सरकारदप्तरी नाना प्रकृतीच सांभाळत होते. हा परवाना त्यांनी फाडलेला नाही. लॅमिनेट करून गॅसबुकाच्या पाकिटात ठेवलाय. 'आयुष्यभराचे पैसे भरलेत,' म्हणतात. 'टाकवत नाही.'

सुटले कसे, ती गोष्ट वहिनींची आहे. त्यांनी आपल्या भावाला बोलावलं आणि दोघांनी मिळून नानांना पुण्याला येरवड्याला नेलं, मुक्तांगणमध्ये. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. पण मोहन्यात 'नानांना येरवड्याला नेलं' एवढीच बातमी पोचली, आणि येरवडा म्हटल्यावर आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच जागा येतात, एक तुरुंग आणि दुसरं वेड्यांचं इस्पितळ. बिल्डिंगीत सरळ दोन तट पडले. पाच आठवड्यांनी नाना परतले तेव्हा तुरुंगवाल्यांनी 'केस काय होती?' म्हणून विचारलं आणि इस्पितळवाले लांबूनच हसले. नानांनी कुणाचंच खोडून काढलं नाही. 'दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे,' असं ते अजून म्हणतात.

तिथे त्यांच्यावर पहिली आपत्ती आली ती अशी, की समजावून सांगायला बसलेले बरेचसे लोक स्वतःच पिऊन उठलेले निघाले. नानांचा थापांचा एवढा जुना साठा. त्यातली एकही खपेना. 'घरी कुणी गेलंय' ही थाप तर समोरच्याने नानांच्या आधीच पुरी करून दाखवली. 'आपल्याच खात्यातली माणसं हो ती,' नाना कौतुकाने सांगतात. 'त्यांना काय सांगणार?'

परत आल्यावर कल्याणची मीटिंग सुरू झाली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन असे दोन पट्टीचे पिणारे भेटले आणि एकमेकांशी बोलत बसल्यामुळे प्यायचे राहिले. सगळ्या उद्योगाची सुरुवात एवढ्यावर झाली. अ‍ॅक्रन हे तेव्हा टायरच्या कारखान्यांचं गाव होतं, याचा नानांना कोण आनंद. 'कंपनीचंच गाव,' म्हणतात, 'वासही असणार.' त्या सर्जनने शेवटची घेतली तो दिवस १० जून धरतात. ती शेवटचीसुद्धा ऑपरेशनला जाण्यापूर्वी हात स्थिर राहावेत म्हणून घेतलेली बिअर होती, पण हा तपशील नाना नव्या पोरांना सांगत नाहीत. १० जूनला ते घरोघर कांदाभजी पाठवतात. बिल्डिंगीला वाटतं, पाऊस आला म्हणून. पाऊस आलेला नसला तरी वाटतं, येणार असेल.

मीटिंग भरते शाळेच्या वर्गात. पन्नाशीपुढचे गृहस्थ तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात, एकेक जण उठतो, 'मी अमुक, अल्कोहोलिक' म्हणतो आणि आपली कर्मकहाणी सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, शेवटी चहा. वहिनींना एक कोडं सुटत नाही. थेंबाला न शिवलेला माणूस इतक्या वर्षांनंतरही स्वतःला अल्कोहोलिक का म्हणवतो? नाना म्हणतात, 'मशीन बंद आहे, मोडीत नाही काढलेलं.'

नानांची सगळी भाषा अशी कारखान्यातून आलेली आहे. मीटिंगमध्ये नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात. मंडळी त्याला स्पॉन्सर म्हणतात, नाना 'रिलिव्हर' म्हणतात. स्पिनिंगचं मशीन पाळी संपली म्हणून थांबत नसतं. बदलीचा माणूस शेजारी येऊन उभा राहिला, की मगच हात काढायचा. तुमचा जीव गेला तरी रिलिव्हर येईस्तोवर जागा सोडायची नाही. नानांचं म्हणणं, पूर्वी त्यांनी दारू सोडली होती तेव्हा प्रत्येक वेळी रिलिव्हर नसताना सोडली. गणपतीत सोडली, श्रावणात सोडली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. जागेवर दुसरं कुणी नव्हतंच.

यावरून त्यांचं गडकऱ्यांशीही वाजलेलं आहे. 'एकच प्याला' नाटक १९१९ सालचं. नानांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि वहिनी पदर डोळ्यांना लावून बसल्या असताना हे तावातावाने उठले. 'शपथा काय घेतो! शपथेने सुटते होय? चार माणसांत नेऊन बसवायला पाहिजे होतं याला!' मी म्हटलं, नाना, तेव्हा मीटिंग कुठली? नानांनी बोटांवर हिशेब केला आणि एकदम मवाळ झाले. 'सोळा वर्षं लवकर आला बिचारा सुधाकर.' तळीरामाबद्दल मात्र त्यांना दयामाया नाही. 'तो आपल्या ग्रुपला आला असता तरी चहाची वर्गणी बुडवली असती त्याने.'

आता त्यांचा दिवस. दिवसाच्या तीन पाळ्या. पहिल्या पाळीत काही धोका नाही. रात्रपाळीला माणूस झोपलेला असतो. खरी मेख दुसऱ्या पाळीत, आणि त्यातही सहा ते नऊ. हे तीन तास नानांनी असे काही ठासून भरलेत की एखादा पाहुणा त्यात सापडला तर त्याची फरफट होते. सहाला अंघोळ, ही दुसरी. साडेसहाला उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, काकडीच्या फोडी, वर लिंबू पिळलेला कांदा आणि लिंबाचं सरबत. होय, चकणा सुटलेला नाही. 'त्याचा काय गुन्हा?' म्हणतात. सरबत स्टीलच्या पेल्यातून. काचेचा ग्लास त्यांच्या घरात औषधालाही सापडणार नाही. जावई पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही रसना स्टीलच्या पेल्यातून मिळालं आणि माणसं जुन्या वळणाची आहेत असं त्यांनी घरी जाऊन सांगितलं. सातला चालणं. आठला जेवण. नऊला वही. दहाला दिवा बंद, मग टीव्हीवर मॅचची शेवटची ओव्हर का चालू असेना.

चालण्याचा रस्ता बाजारातून जातो, पण सरळ नाही. एका गल्लीच्या तोंडाशी नाना डावीकडे वळतात, कॉलनीच्या बाजूने भला मोठा वळसा घालतात आणि पुढे पुन्हा मूळ रस्त्याला लागतात. त्या गल्लीत त्यांचा अड्डा होता. अड्डा उठूनही आता जमाना झाला. तिथे पोळीभाजी केंद्र आहे. वहिनींच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा रोजच्या पोळ्या तिथूनच यायच्या, आणि आणायला जायचो मी. 'नाना, तिथे आता दोन मावश्या पोळ्या लाटतात,' मी म्हटलं. 'डोक्याला माहितीये,' नाना म्हणाले. 'पायांना अजून कळवलेलं नाही.'

वही म्हणजे शंभरपानी, रेघांची. रोज एक पान. पाणी किती, चालणं किती, झोप किती, मीटिंग झाली की नाही आणि शेवटी 'राग'. एकदा ती वही उघडी राहिली होती. नानांच्या टपोऱ्या अक्षरात 'राग: १ वेळा' असं लिहिलेलं. त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, '३. दुधावरून, पंख्यावरून, सुनेवर.' मागची पानं चाळली तर पेन्सिल रोज होती. कारखान्यात आधी कामगार लिहितो आणि मग सुपरवायझर तपासतो, तसा हा कारभार. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल तोंडाने बोलत नाही.

नानांचा आणखी एक छंद म्हणजे चार प्रश्न. मीटिंगमध्ये शिकवतात की प्यावीशी वाटली तर आधी स्वतःला विचार: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलायस का. हे स्वतःला विचारायचे प्रश्न नानांनी गावासाठी खुले केले. शहाडच्या स्टँडवर एकदा चौथ्या सीटवरून रिक्षावाला आणि पॅसेंजर अगदी कॉलरीपर्यंत आले होते. नाना मधे घुसले आणि रिक्षावाल्याला विचारलं, 'जेवलास का?' तो इतका चक्रावला की खरं बोलून गेला. सकाळपासून नुसता चहा. नानांनी खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. मग पॅसेंजरकडे वळले. 'तुम्ही?' तोही उपाशी. दुसरा लाडू निघाला. भांडण मिटलं की नाही सांगता येत नाही, कारण राजगिऱ्याचा लाडू तोंडात असताना भांडता येत नाही, एवढंच तिथे सिद्ध झालं. आमच्या घरी आवाज चढला तरी पाच मिनिटांत भिंतीवर टकटक होते आणि वहिनी पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या राहतात. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की बशी पाठवणारा आत बसलाय.

या मंडळींच्या बारा पायऱ्या आहेत. त्यांतली नववी अशी की पिण्याच्या काळात ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची. मात्र भरपाईने कुणाला इजा होत असेल तर नाही. नानांनी पूर्वार्ध मनावर घेतला. यादी केली, आणि एका रविवारी तळमजल्यावर जाऊन सांगितलं की तुमची सायकल नदीत मी ढकलली होती, ही घ्या किंमत. झालं. तळमजल्यावरच्या कुटुंबाने ती सायकल चोरल्याचा आळ समोरच्या बिऱ्हाडावर घेतला होता आणि दोन्ही घरांचं त्या दिवसापासून बोलणं बंद होतं. मुंजी, लग्नं, बारशी, सगळं एकमेकांना वगळून झालेलं. भांडणाला दोघंही चांगले रुळले होते. आता सायकलच निघून गेल्यावर अबोला कशाच्या जोरावर टिकवायचा? नाइलाजाने बोलायला लागले, आणि बोलायला लागल्यावर पहिला विषय काय, तर नाना हा माणूस किती वाईट. त्यावर त्यांचं एकमत झालं. नानांच्या वहीत त्या दिवशी 'राग: ०' होतं, आणि खाली पेन्सिल नव्हती.

हळदीला जायचं नानांनी बंद केलेलं नाही. आमच्या पट्ट्यात हळद लग्नापेक्षा मोठी असते. मांडव, बेंजो, डीजे, आणि मांडवामागे जे असतं ते. नाना सगळ्यात आधी जातात, पहिल्या पंगतीला पोटभर जेवतात, कोकमाचा भरलेला पेला हातात घेतात आणि तो शेवटपर्यंत भरलेलाच ठेवतात. रिकामा हात दिसला की कुणीतरी त्यात काहीतरी देतोच, ही त्यांची पक्की माहिती आहे. 'देणारा मीच असायचो,' म्हणतात. डीजे तापायच्या आत चपला शोधून घरी. यजमानाला वाटतं नाना रुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच यजमानाच्या घरी मांडव उतरवायला एकच माणूस ताठ उभा असतो, त्यामुळे गैरसमज टिकत नाही.

गटारीला तर नानांच्या घरी सण. आषाढातली अमावास्या आली की मोहन्यात मटणाच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांग लागते आणि रांगेत पहिले नाना. संध्याकाळी मीटिंगमधली मंडळी येतात, कुणी शहाडचा, कुणी टिटवाळ्याचा, कुणी डोंबिवलीचा. वहिनी आधी कणकेचे दिवे लावतात, मग तांबडा रस्सा, भाकरी, सोलकढी. रात्री भजन. गटारीच्या रात्री शुद्धीत असलेल्या अकरा माणसांनी धरलेला ठेका हा एकट्या नानांच्या जुन्या आवाजाच्या कितीतरी वर जातो. आमच्या बिल्डिंगीच्या सोसायटीने याबद्दल त्यांना दोनदा लेखी कळवलं. पिण्याच्या काळात एकदाही कळवलं नव्हतं.

एवढा शिस्तीचा वरवंटा फिरवणारा माणूस उपदेशाला कमी करणार नाही, हे ओघानेच आलं. माझ्या चहातली साखर, आमच्या मुलाचा मोबाइल, तळमजल्यावरच्यांचा गुटखा, वॉचमनची झोप, सगळ्यांवर नानांचा डोळा. माझ्या नावाचं एक पान त्यांच्या वहीत आहे अशी मला दाट शंका आहे. पण एक गोष्ट लक्षात यायला मला बराच काळ लागला. पिणाऱ्या माणसाला नाना कधीही एक शब्द ऐकवत नाहीत. कोपऱ्यावरच्या खोलीतला तरणा पोरगा, कल्याणात कुठल्याशा गोदामात कामाला, रात्री झोकांड्या खात येतो. बिल्डिंग त्याला तोंडावर बोलते. नाना जिन्यात भेटले तर विचारतात, 'जेवलास का?' आणि वर निघून जातात. 'तुम्ही सांगा ना त्याला,' मी एकदा म्हटलं. नाना म्हणाले, 'सांगून सुटत असती तर तुमच्या वहिनींनी सांगून माझी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सुटली असती. फोन नंबर दिलाय त्याला. बास.'

परवा रात्री साडेअकराला भिंतीपलीकडे फोन वाजला. दहाला दिवा बंद होणाऱ्या घरात दिवा लागला. पाऊस सपाटून होता. नानांचा आवाज, हळू: 'कुठेयस? तिथून हलू नकोस. काही खाल्लंस का?' मग छत्री शोधण्याचा गडगडाट, आणि वहिनींचा आवाज, अजिबात हळू नाही: 'दहाला झोपायचा नियम कुणाचा? डब्यात दोन चपात्या आहेत, त्या न्या. आणि गमबूट घाला!' नाना गेले ते दीडच्या सुमारास परतले, बरोबर आणखी कुणाची तरी पावलं होती. स्टोव्हवर चहा खळखळला. मला भिंतीतून एवढंच ऐकू आलं, की नाना बोलत नव्हते. दुसराच कुणीतरी बोलत होता, आणि बराच वेळ बोलत होता.

सकाळी साडेपाचला नमस्कार ऐकू आले नाहीत. मी धसकून उठलो आणि पलीकडे गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कोपऱ्यावरचा पोरगा झोपलेला, आतल्या खोलीत नाना घोरतायत, आणि वहिनी वही पुढ्यात घेऊन पेन्सिलीला टोक काढतायत. नानांनी झोपण्यापूर्वी नोंद केली होती. 'झोप: ३ तास. कारण: ओव्हरटाइम.'

वहिनींनी खाली लिहिलं, 'मंजूर. नाइट अलाउन्स मिळणार नाही.'